पायरीबाहेरचे दाजी

परत आल्यापासून आमच्या साताऱ्याच्या कॉलनीतल्या बायका एकच विचारतायत, बुलढाणा जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे हो? लोणारचं सरोवर पाहिलंत का? नाही पाहिलं. ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. मी माझ्या मेहुण्यांना बघायला गेले होते. प्रवासाचं लिहायचं म्हणजे डोंगर, घाट, देवळं आली पाहिजेत एवढं मलाही कळतं. ती वाटेत येतील तशी येतील.

आधी दाजींची ओळख करून देते. माझी थोरली बहीण सुमन, आमची आक्का, हिचे ते यजमान. तरुणपणी मास्तरकीच्या ट्रेनिंगला साताऱ्यात आले आणि आमच्या वडिलांच्या नजरेत भरले. हुंडा नाही, मानपान नाही, बँड नाही; दोन हार आणि चहा एवढ्यावर लग्न झालं. वडील म्हणाले, असा मुलगा शोधून मिळायचा नाही. खरंच होतं ते. दाजी कधी खोटं बोलले नाहीत, शिकवणीचा पैसा घेतला नाही, तंबाखूला शिवले नाहीत. देव मात्र मानला नाही. आक्काचे देव तिने माहेरून नेले होते ते फळीवर राहिले, त्याला त्यांनी कधी हरकत घेतली नाही. "माझं मत माझ्यापाशी, तिचं तिच्यापाशी," असं ते म्हणायचे. फक्त हे सगळं ते स्वतःच सांगायचे, आणि प्रत्येक भेटीत सांगायचे. जेवताना सांगायचे, पाहुणे आले की सांगायचे. आक्का शेजारी बसून शेंगा सोलत राहायची.

आक्का पावसाळ्यात गेली. माझा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये. सगळं मी फोनवर पाहिलं, आणि फोनवर पाहिलेलं मरण कसलं हो, ते पोटात उतरतच नाही. थंडी पडली, पाय धड झाला, तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. नितीन म्हणाला, "मावशी, तू एकदा जाऊन ये. बाबांच्या घरी गावातलं कुणी फिरकत नाही. एकटेच असतात, स्वतःच रांधून खातात. असंच चालणार असेल तर मी त्यांना इकडं आणतो आणि घराला कुलूप लावतो. ते मला ऐकायचे नाहीत. तू बघ आणि सांग, तू म्हणशील तसं करीन." म्हणजे त्या घराला कुलूप लागायचं की नाही, हे माझ्या जिभेवर आलं. मी कंदी पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि निघाले. दुःखाच्या घरी पेढे नेत नाहीत हे गाडीत बसल्यावर आठवलं. आक्काकडं जायचं म्हणजे पेढे, ही हाताची सवय. तो बॉक्स पुढं मुंग्यांनी फस्त केला, ते बरंच झालं.

शेगाव

स्टेशनवर दाजी घ्यायला आले होते. पांढरा सदरा, तोच, पण आतला माणूस निम्मा झालेला. कॉलर गळ्याभोवती ढिली पडली होती. "ये शैला," म्हणाले आणि माझी पिशवी घेतली. मला रडू आलं तर त्यांनी दुसरीकडं बघितलं.

शेगावला उतरायचं आणि महाराजांचं दर्शन न घेता जायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. मी काही फार भाविक बाई नव्हे. घरी दिवा लावते आणि त्याच वेळी मालिकाही बघते. पण माणूस आपल्या सवयींचंच बनलेलं असतं. दाजींना म्हटलं, "जाऊन येते." ते म्हणाले, "जा. मी बाहेर उभा आहे."

हे त्यांचं बाहेर उभं राहणं आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. लग्न झाल्यापासून आक्काला ते दरवर्षी शेगावला आणायचे, अगदी नेमानं, आणि देवळाच्या बाहेर तिच्या चपला हातात धरून उभे राहायचे. तिथं चपला ठेवायची उत्तम सोय आहे, फुकट आहे, सेवेकरी हात जोडून चपला घेतात. तरी दाजी हातात धरायचे. म्हणायचे, "मी देवळात जात नाही हे माझं तत्त्व. पण बायकोच्या चपला धरायला मला लाज वाटत नाही, हेही माझं तत्त्वच." ऐकणारे वाहवा करायचे. आमचे वडीलही करायचे.

आत सगळं शिस्तीत होतं. स्वच्छ फरशी, रांग हलती, कुणाचा धक्का नाही की आरडाओरडा नाही. आमच्याकडच्या देवळांत पुजाऱ्याचा आवाज देवापेक्षा मोठा असतो, इथं सेवेकरी 'माउली' म्हणून वाट दाखवतो. मी आक्काच्या नावानं डोकं टेकलं आणि बाहेर आले. दाजी निंबाच्या झाडाखाली उभे होते. माझ्या चपला मी रॅकवर ठेवल्या होत्या, त्या त्यांनी काढून आणून हातात धरल्या होत्या. माझ्या पायापाशी ठेवताना म्हणाले, "तिच्यांपेक्षा जड आहेत या."

नंतर मी कचोरी खाल्ली. शेगावची कचोरी न खाता आले असते तर घरी कुणी उभं केलं नसतं. सोबतची तळलेली मिरची मी साधी समजून अख्खी चावली आणि बराच वेळ मला बोलता आलं नाही. दाजी बाहेरचं खात नाहीत. ते समोर बसून पाणी देत राहिले.

गावात

गाव पिंपळगाव राजाच्या पुढं, आतल्या रस्त्याला. काळी जमीन, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, तुरी कापून शेतात उभ्या करून ठेवलेल्या, मधेच हिरवागार हरभरा. आमच्या साताऱ्याकडं कुठंही बघा, नजरेला डोंगर अडतो. इथं नजर जाते ती जातच राहते. मला पहिल्या दिवशी उघडंउघडं वाटलं.

गल्लीत शिरलो तसे ओट्यावरचे लोक उठून उभे राहिले. "राम राम, गुरुजी." मान सगळ्यांनी दिला. पण माझी चौकशी करायला, कुठून आल्या, कशा आल्या म्हणायला कुणी पुढं आलं नाही. हे वऱ्हाडातलं गाव आहे हो. इथं पाहुणा दिसला की चार घरचा चहा होतो. पूर्वी आक्काकडं आले की चहाला नाही म्हणून म्हणून माझं तोंड दुखायचं. आता दाजींनी कुलूप काढलं आणि आम्ही दोघं आत गेलो, बस्स. दाराशी आक्काच्या चपला तशाच होत्या, जोडीनं, बाहेर जायच्या दिशेला तोंड करून.

संध्याकाळी दाजींनी स्वतः भाकरी थापली. मी करते म्हटलं तर ऐकलं नाही. भाकरी म्हणजे एखाद्या बेटाचा नकाशा. सोबत चून, आमच्याकडं ज्याला पिठलं म्हणतात ते, आणि ठेचा. चुनात मीठ कमी होतं. मी ठेचा जास्त लावून घेतला. जेवताना विचारलं, "दाजी, गावाशी काय झालंय?"

दाजी गावात वऱ्हाडी बोलतात. पण तत्त्वाचं बोलायचं असलं की पुस्तकातली मराठी काढतात. ती त्यांनी काढली. म्हणाले, "काही झालेलं नाही. मी एक निरर्थक प्रथा नाकारली, एवढंच."

ती प्रथा अशी. माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. स्मशानातून परतल्यावर शेजारपाजारचं कुणीतरी चून-भाकर शिजवून आणतं आणि घरच्यांना आग्रहानं एकेक घास खायला लावतं. त्याला कडू घास म्हणतात. चवीला काही कडू नसतो. आमच्याकडं भाऊबंद आणतात. या गावात शेजाऱ्याचा मान. घास घेतला की ते घर पुन्हा माणसांत आलं, येणंजाणं मोकळं झालं. न घेतला तर दार लागलेलंच.

दाजींचा शेजार म्हणजे समोरची द्वारकाबाई. आक्काची चाळीस-एक वर्षांपासूनची मैत्रीण. दोघी विहिरीवर बरोबर, शेतात बरोबर, निवडण-टिपण बरोबर. आक्काला वऱ्हाडी बोलायला तिनंच शिकवलं. आक्का गेली त्या संध्याकाळी ती फडक्यात झाकून भाकर घेऊन दारात उभी राहिली. आणि दाजींनी सगळ्या सोयऱ्यांसमोर विचारलं, "यामागे तर्क काय आहे, द्वारकाबाई? मला स्वयंपाक येतो." मग आत जाऊन त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि खिचडी टाकली. स्टोव्हचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला.

"नितीननं खाल्ली ती?" मी विचारलं.

"त्यानंही नाही खाल्ली," दाजी म्हणाले. "मी खाल्ली."

मी ताटात बोट फिरवत बसले. वाईट माणसाचं एक बरं असतं, त्याला चार शब्द सुनावता येतात. दारुड्याला म्हणावं, बाबा, लाज धर. या माणसाला काय म्हणायचं? जो कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, ज्यानं उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, त्याच्या चांगुलपणालाच ताठा चढलेला असतो आणि तो आपल्याला दिसतो, त्याला दिसत नाही. तो त्याला विवेक म्हणतो. आणि खोटंही नसतं ते पूर्ण, तिथंच तर घोटाळा होतो.

हात धुताना दाजी आपणहून बोलले. उन्हाळ्यात आक्काला शेवटचं शेगावला नेलं होतं. तिला धाप लागायची, चालवत नव्हतं. देवळाशी ती म्हणाली, आज तुमी संग चाला, हात धरा. दाजी म्हणाले, व्हीलचेअर आहे, सेवेकरी आहेत, सांगतो त्यांना. तिनं नको म्हटलं आणि भिंतीचा आधार घेत एकटीच गेली. परत आली तेव्हा दाजींनी चपला पायाशी ठेवल्या. आक्का चपला घालता घालता म्हणाली, "गर्दी नव्हती आज. दोघं मावलो असतो."

"एवढंच म्हणाली?"

"एवढंच. तिनं कधी आग्रह धरला नाही. माझं तत्त्व तिला माहीत होतं." दाजींनी टॉवेल दोरीवर टाकला. तो खाली पडला, त्यांनी उचलून पुन्हा टाकला.

सकाळी दारातून हाक आली, "शैलाताई, बाहीर या बरं." द्वारकाबाई पायरीच्या खाली उभी होती. काटक बाई, नऊवारीवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ. मी आत ये म्हटलं.

"मी ते पायरी चढत नाई आता," ती शांतपणे म्हणाली. "सुमन होती तवा दिसातून धा बार चढत होती. तुमी चालता का हिवऱ्याले? भाजी चिरायची हाय. आमी सगळ्या बाया जाऊन राह्यलो. सुमनची जागा रिकामी हाय."

आत दाजी पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

हिवरा आश्रम

हिवरा आश्रम मेहकर तालुक्यात, दाजींच्या गावापासून चांगलाच लांब. टेम्पोत आम्ही बायका, गोधड्या आणि प्रत्येकीची स्वतःची विळी. घाटात टेम्पो पंक्चर झाला. त्या वेळात सगळ्याजणी रस्त्याकडेला बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या आणि मला चिडवत होत्या, "साताऱ्याच्या बाईले थंडी वाजून राह्यली व माय." घाटाच्या वर हवा निराळीच, सागाची पानं वाळून खडखडत होती. मला वाटलं, आक्का दरवर्षी याच वळणावर बसत असणार.

आश्रमाच्या उत्सवात पुरी आणि वांग्याची भाजी असा महाप्रसाद असतो. माणसं शेतात ओळी धरून बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून वाढप चालतं. ऐकताना मला थट्टा वाटली होती. पण त्या आदल्या दिवशी मांडवात बसलेल्या बाया आणि समोर रचलेली वांगी पाहिली आणि मला ते खरं वाटलं. कोण कुठल्या गावची, कुणाला ठाऊक नाही. कुणी नाव विचारत नाही, जात विचारत नाही. चिरायचं आणि पाण्यात टाकायचं. उद्या कोण खाणार तेही माहीत नाही.

द्वारकाबाईनं पिशवीतून दोन विळ्या काढल्या. एक माझ्यापुढं ठेवली. "सुमनची हाय. माह्याच घरी राहे. हिवऱ्याहून आलो का दोघींच्या मी धुऊन ठेवत होती." पाटाची एक कड झिजून गुळगुळीत झालेली होती, आक्काच्या पायाखालची. मी तिथं पाय ठेवला. मग माझ्यानं बराच वेळ मान वर झाली नाही. शेजारच्या बायका समजल्या. एकीनं माझ्या पुढ्यातली वांगी गुपचूप स्वतःकडं ओढली.

दुपारी मी द्वारकाबाईला छेडलंच. "तुम्ही दोघं इतके समोरासमोर राहता. किती दिवस चालवायचं हे?"

"म्या चालवलं?" तिचा हात थांबला नाही. "म्या भाकर नेली होती, ताई. गुरुजीनं मले तर्क पुसला. माह्या सुमनले जाळून चार घंटे नाई झाले, अन मले तर्क पुसला. ते भाकर वापस घरात नेता येत नाई. म्या बैलाले चारली. रडत रडत चारली."

"त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे की."

"हाव, माईत हाय. देवमानूस हाय म्हंते सारं गाव. मीबी म्हंते. पन एवढं सांगते तुमाले, एक डाव नेली, आता नेत नाई. त्याले पाह्यजे असन तर त्यानं येऊन मांगावं."

इकडंही तेच. सकाळपासून ती अनोळखी माणसांसाठी वाकून वांगी चिरत होती. कुणी थँक्यू म्हणणार नव्हतं आणि तिला ते नकोही होतं. एवढा मोठा धर्म जिच्या हातात आहे तिला समोरची एक पायरी चढवत नव्हती. देवाला हात जोडायला वाकणं सोपं आहे. समोरच्या माणसापुढं वाकायचं म्हटलं की कणा आडवा येतो, मग तो देव मानणाऱ्याचा असो की न मानणाऱ्याचा. मला त्या दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली.

संध्याकाळी भाजी चिरणाऱ्यांची पंगत बसली. मी डावीकडं, द्वारकाबाई उजवीकडं, आणि मधे एक जागा तिनं मोकळी ठेवलेली. तिच्या पत्रावळीवर पुऱ्या वाढल्या तशाच राहिल्या. भाजीला तिनं हातही लावला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मले पंगतीत घास उतरत नाई आता. घरी जेवते थोडं. तुमी जेवा." बाकीच्या बायकांना हे ठाऊक असावं, कारण कुणी आग्रह केला नाही. तिच्या पुऱ्या तिनं पलीकडच्या म्हातारीला दिल्या.

परत गावात

दुसऱ्या दिवशी ती प्रसादाची पंगत डोळे भरून पाहिली, धुळीनं माखून घरी आलो, आणि जेवताना मी दाजींना सगळं सांगितलं. भांडायचं म्हणूनच सांगत होते, खोटं कशाला बोलू. विळीचं सांगितलं, बैलाचं सांगितलं, मोकळ्या जागेचं सांगितलं. दाजी ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"द्वारकाबाई पंगतीत जेवली नाही?"

"नाही. म्हणाली, घास उतरत नाही."

"केव्हापासून?"

"आता ते काय मी विचारू? आक्का गेल्यापासूनच असणार की."

दाजींनी ताट सारलं आणि हात धुऊन अंगणात जाऊन बसले. मला वाटलं, झालं, चिडले. आता नितीनला फोन करून सांगावं की बाबा, घेऊन जा यांना, इथं दोन दगड समोरासमोर बसलेत. फोन उशाशी ठेवून मी झोपले.

सकाळी भाकरी थापल्याच्या आवाजानं जाग आली. दाजी चुलीशी. म्हणजे गॅसशी नव्हे, मागच्या पडवीत आक्काची जुनी चूल होती ती त्यांनी पेटवली होती आणि धुरानं डोळे लाल झाले होते. दोन भाकरी, तशाच वेड्यावाकड्या. चून. त्यांनी ते पितळीत ठेवलं, आक्काच्या धुतलेल्या फडक्यानं झाकलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"कुठं निघालात?"

"समोर," ते म्हणाले. "तूही चल. दोन माणसं असावीत."

गल्ली जागी झालेली होती. ओट्यावरचे लोक बघत राहिले. झाकलेली पितळी दोन्ही हातांत धरून माणूस चालला की कुठं चाललाय हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. पण समोरच्या घरी तर कुणी वारलेलं नव्हतं. द्वारकाबाई अंगण झाडत होती. ती झाडू तसाच धरून उभी राहिली.

दाजी पुस्तकातली मराठी बोलले नाहीत.

"द्वारकाबाई, सुमन गेली तवा तुमाले कडू घास कोनं देला?"

"मले?" ती गोंधळली. "मले कोन देईन, गुरुजी? माह्या घरचं कोनी गेलं होतं का?"

"मंग सुमन तुमची कोन होती?"

झाडू द्वारकाबाईच्या हातातून खाली आला.

"रातभर इचार केला," दाजी म्हणाले. "ज्याचं मानूस जाते त्याले घास देतात, असं तुमचं म्हननं हाय. मले तुमी आनला, कारन मी तिचा नवरा. अन तुमी तिच्यासंग माह्याहून जास्त राह्यल्या. तुमच्या दारी कोनी नाई आलं. हे बराबर नाई. म्हून आनला. उशीर झाला मले."

"गुरुजी, तुमी तर हे मानत नाई."

"नाई मानत. अजूनबी नाई मानत," दाजी म्हणाले. "पन तुमी मानता ना."

द्वारकाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली. तिनं पदर तोंडात धरला आणि ती रडली ते रडणं मी विसरायची नाही. इतके महिने कुणी तिला रडायचं निमित्तच दिलं नव्हतं. जावा, सुना, लेक सगळ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दाजी पितळी धरून उभेच. मग तिनं डोळे पुसले, भाकरीचा तुकडा मोडला, चून लावलं आणि खाल्ला. दुसरा तुकडा मोडून दाजींपुढं धरला.

"मी एकटी नाई खानार."

दाजींनी तो तुकडा हातात घेतला. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांचा हात तोंडापर्यंत गेला आणि थांबला. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "शैला, हा खाल्ला का संपलं मंग." तेव्हा मला कळलं की त्या संध्याकाळी स्टोव्ह पेटवणाऱ्या माणसाला तर्काशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला फक्त बायको गेली हे मान्य करायचं नव्हतं, आणि त्याच्यापाशी नाही म्हणायला तेवढा एकच शब्द होता. त्यांनाही ते बहुतेक तेव्हाच कळलं असावं.

त्यांनी घास तोंडात घातला. चावायला वेळ लागला.

"मीठ कमी हाय चुनात, गुरुजी," द्वारकाबाई नाक ओढत म्हणाली.

"सुमनबी हेच म्हने," दाजी म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

पितळी द्वारकाबाईनं ठेवून घेतली. दुपारी स्वच्छ घासून, मिठाची वाटी त्यात ठेवून ती स्वतः घेऊन आली, पायरी चढली, आणि चपला आक्काच्या चपलांशेजारी काढून आत गेली. तिच्या मागोमाग गल्लीतल्या तिघी आल्या. चहाला दूध पुरलं नाही. मी नितीनला फोन करून सांगितलं, कुलूप आणू नकोस.

म्हणजे सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या दिवसापासून दाजी खचले. आतापर्यंत ताठ बसणारा माणूस भिंतीला टेकून बसायला लागला, मधेच "सुमन" म्हणून हाक मारायला लागला. द्वारकाबाई म्हणाली, असंच असते, पह्यलेच व्हायले पाह्यजे होतं. मी आणखी चार दिवस राहिले.

पुन्हा शेगाव

मला गाडीवर बसवायला दोघंही आले. वेळ होता. द्वारकाबाई म्हणाली, चला दर्शन घेऊ. मी दाजींकडं पाहिलं. मनात आलं ते कबूल करते. वाटलं, आज येतील. द्वारकाबाई त्यांना या म्हणाली नाही, मीही म्हणाले नाही. ज्या एका माणसानं म्हणायचं होतं ते म्हणून गेलं होतं. दाजी निंबाखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केले. आम्ही दोघींनी आपापल्या चपला त्यांच्या हातात दिल्या.

दर्शन पटकन झालं. रांग नव्हतीच. बाहेर आलो तर दाजी तसेच उभे, एका हातात द्वारकाबाईच्या आणि एका हातात माझ्या. दाराकडंच बघत होते.

"गर्दी होती का?" त्यांनी विचारलं.

द्वारकाबाई म्हणाली, "नाई गुरुजी. नवती."

दाजींनी मान हलवली, खाली वाकले आणि चपला आमच्या पायांपाशी ठेवल्या.